आमचे शेअर कोण घेऊन राहिलं?

लग्नाकार्यात कोणी माझी ओळख करून देताना 'या शेअर्सचं काम बघतात' असं सांगितलं, की दोन-तीन माणसं खुर्च्या ओढून माझ्याजवळ यायची. "मग म्याडम, सध्या कोणता घेऊन ठेवावा?" मी सांगायची, मला एकाच कंपनीच्या शेअर्समधलं कळतं आणि तिच्याबद्दल मला बोलता येत नाही. खुर्च्या पुन्हा मागे जायच्या. आख्खी नोकरी अशी तोंड मिटून केली. आता निवृत्त झाले, आणि ज्या गोष्टी तेव्हा जिभेवर आणता येत नव्हत्या त्या केव्हाच जाहीर होऊन जुन्या झाल्या. म्हणून आज मनसोक्त बोलणार आहे.

कोळशाच्या खाणीत लांबच लांब पट्ट्यावरून कोळसा वाहत येतो. त्या पट्ट्याखाली लोखंडी रोलर फिरत असतात. ते रोलर आमची कंपनी बनवते. कारखाना कन्हानच्या पुढे आणि हेड ऑफिस शहरात, सदर भागात. मी तिथली कंपनी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटलं की लोकांना टायपिंग आठवतं. माझं काम होतं कंपनी कायद्याप्रमाणे चालते का ते पाहणं, आणि तिच्या मालकांची, म्हणजे भागधारकांची, खबर ठेवणं.

यातलं दुसरं काम मला फार आवडायचं. शेअर आता कागदावर नसतात, खात्यात असतात. बाजारात दिवसभर ते या हातातून त्या हातात जातात आणि आपला मालक आज कोण आहे हे कंपनीलाच रोज कळत नाही. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी बाजार बंद होताना कोणाच्या खात्यात किती शेअर होते त्याची यादी येते. आमच्याकडे ती सोमवारी दुपारी यायची. हजारो नावं. मागच्या आठवड्याची यादी शेजारी ठेवायची आणि शोधायचं की कोण आलं, कोण गेलं, कोणी वाढवले, कोण हळूच कमी करतंय. लहान भागधारकांनी थोडे इकडे-तिकडे केले तर फरक पडत नाही. पण म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड हे मोठे गडी. यांच्यातला एक जरी उठून गेला तरी भाव हलतो, आणि कंपनीच्या सभेत मत द्यायची वेळ आली तर यांच्या एकेका मतानं ठराव पडतो किंवा तरतो.

माझ्या जोडीला शेखभाई होते. शेअर कागदावर होते तेव्हापासून ते या खात्यात. त्या मोठ्या गड्यांना आम्ही दोघं 'पाहुणे' म्हणायचो, आणि एकेक पाहुणा वल्ली असायचा. एका फंडाच्या बाई कारखाना बघायला आल्या. नवी कोरी मशीन त्यांनी पाहिलीच नाहीत, सरळ मागच्या अंगणातल्या भंगाराच्या ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ढीग लहान आहे, म्हणजे माल वाया जात नाही, एवढं बघून परत गेल्या आणि पुढच्या यादीत त्यांचं नाव लागलं! दुसऱ्या एकानं आमचे चेअरमन अशोकबाबू यांना भर मीटिंगमध्ये विचारलं, "तुमच्या दोन मुलांचं एकमेकांशी पटतं का?" अशोकबाबूंचा चहाचा कप तोंडापर्यंत गेला होता, तो तसाच राहिला.

पण मला सांगायचं आहे ते त्या एका हिवाळ्याचं.

दिवाळी झाली आणि आमचा शेअर उतरायला लागला. एकदम कोसळला असता तर कारण तरी सापडलं असतं. हा रोज थोडा थोडा उतरायचा. सकाळी बाजार उघडला की अशोकबाबूंचा फोन.

"मॅडम, कोण विकून राहिलं?"

"साहेब, सोमवारी सांगते."

"सोमवारपर्यंत काय राहणार आहे?"

सोमवारी यादी आली आणि मी चरकले. आमच्यात सगळ्यात जुना असलेला म्युच्युअल फंड, मी नोकरीला लागायच्या आधीपासूनचा पाहुणा, तोच विकत होता. पुढच्या सोमवारी त्याचे आणखी कमी. मी फंडाच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. ज्या मॅनेजरशी माझं बोलणं असायचं ते नोकरी सोडून गेले होते. नवीन बाई फोनवर येईनात.

इकडे कारखान्यात वेगवेगळ्या बातम्या उठल्या. कंपनी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा कामगारांना थोडे थोडे शेअर दिले होते. बहुतेकांनी ते जपून ठेवले होते. आता जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. शेखभाई कारखान्यातून जाऊन आले आणि म्हणाले, "म्याडम, वेल्डिंगवाले बोलून राहिले की खाणीचे ऑर्डर बंद झाले. अन् साहेब दुबईले चालले म्हणे."

"साहेब सकाळपासून आत बसलेत हो."

"मी सांगितलं ना. म्हणे, तयारी करून राहिले असतील."

आणि त्याच आठवड्यात सावनेरहून दिलीपचा फोन आला. दिलीप माझा धाकटा भाऊ. त्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मी या कंपनीत लागायच्या आधीच त्यानं आमचे शेअर घेतले होते. मुलीच्या शिक्षणाला होतील म्हणून त्यानं त्यांना कधी हात लावला नाही.

"ताई, ठेवू का विकू?"

"मला नाही सांगता येणार, दिलीप."

"अवं, पण तू तिथंच बसून राहिली ना!"

"म्हणूनच नाही सांगता येणार."

कायदा असा आहे की माझ्या खुर्चीत बसून मला जे कळतं आणि जगाला अजून कळलेलं नाही, ते मी कोणालाही सांगणं गुन्हा. सांगणाराही गुन्हेगार आणि त्यावर शेअर घेणारा-विकणाराही. दिलीपनं शेअर विकावे का ठेवावे यावर काही बंदी नव्हती. बंदी माझ्या तोंडाला होती.

"बरं, बोलू नको," दिलीप म्हणाला. "एकदा खोकल म्हणजे ठेवतो. दोनदा खोकल म्हणजे विकतो."

मला त्या आठवड्यात खरोखरच सर्दी झाली होती. मी श्वास रोखून धरला आणि फोन ठेवला. मग डोळ्यात पाणी येईपर्यंत खोकले.

त्यानंतरच्या सोमवारी शेखभाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "म्याडम, हा कोण नवा?"

एक परदेशी नाव. इतकं लांबलचक की दोन ओळींत मावत नव्हतं. त्याच्या नावावर बऱ्यापैकी शेअर जमले होते. पुढच्या सोमवारी त्याचे आणखी वाढले. मी दोन्ही आकडे शेजारी मांडले आणि खुर्चीत सरसावून बसले. जुना फंड जेवढे सोडत होता, त्यातले बहुतेक हा उचलत होता! तेही एका दिवशी गठ्ठ्यानं नाही. मोठा सौदा झाला की त्याच संध्याकाळी शेअर बाजार घेणाऱ्याचं नाव छापतो. हा रोज थोडे थोडे, कोणाच्या नजरेत न येता घेत होता. जग म्हणत होतं कंपनी बुडते आहे, आणि कोणीतरी शांतपणे आमचे शेअर वेचत होतं.

मी त्या फंडाची माहिती काढली. कुठल्यातरी थंड देशातल्या शाळामास्तरांच्या पेन्शनचे ते पैसे होते. शेखभाई एकदम खूश झाले. "मास्तरलोगांचे पैसे? मग टेन्शन नाही. मास्तर एकदा बसला की घंटा झाल्याशिवाय उठत नाही."

दोन दिवसांनी जुन्या फंडाच्या नव्या बाई एकदाच्या फोनवर आल्या. म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत काहीच खोट नाही हो. आमच्या त्या योजनेतून लोक पैसे काढून घेताहेत. त्यांना द्यायला आम्हाला काहीतरी विकावं लागतं, आणि तुमचे शेअर विकले जातात." एवढंच! ना खाणीचे ऑर्डर बंद, ना दुबई. मी फोन ठेवला आणि शेखभाईंना म्हटलं, आज कॉफी माझ्याकडून. 

पण हे सांगायचं कोणाला? कोणाचेही शेअर कंपनीच्या पाच टक्क्यांवर गेले की त्यानं दोन दिवसांत स्वतःहून जाहीर करावं लागतं. तोवर ती गोष्ट त्याची. मास्तरलोक हळूहळू पाचाकडे सरकत होते आणि आम्ही दोघं सोमवारची वाट बघत होतो. घरी मी भाजीत मीठ दोनदा टाकत होते. मिस्टरांनी विचारलं, "झालं काय तुला?" त्यांनाही काही सांगता येत नव्हतं.

एका बुधवारी मी कारखान्यावर गेले होते. फाटकासमोर गजभियेबाईंची चहाची टपरी आहे. त्यांनी मला हातानं बोलावलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, तो निळ्या शर्टवाला कालपासून बसून राहिला. चहावर चहा पेते अन् ट्रक मोजते. चोर तं नसन ना वं?"

मी पाहिलं. तिशीचा मुलगा, पायात महागाचे बूट, मांडीवर वही. चोर कुठला, शेअर घेण्याआधी कंपनी तपासायला कोणीतरी पाठवलेला हा माणूस, ते माझ्या लगेच लक्षात आलं. मी त्याच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि नाव सांगितलं. तो लाल झाला.

"मी निखिल. मुंबईहून आलोय. रिसर्च करतो."

"कोणासाठी?"

"ते नाही सांगता येणार, मॅडम."

"बरोबर आहे. मलाही तुम्हाला काही सांगता येणार नाही."

"मग आपण बोलायचं काय?"

"इथला आलुबोंडा चांगला असतो," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी आलुबोंडा खाल्ला. थोड्या वेळानं त्याला राहवलं नाही. "मॅडम, आत गेलेला रिकामा ट्रक भरून लगेच बाहेर येतोय. म्हणजे माल पडून नाही तुमच्याकडे?"

"तुमचा आलुबोंडा थंड होतोय."

गजभियेबाई मात्र कायद्याच्या बाहेर होत्या. "माल कायचा पडून राहते, बाप्पा!" त्या कढईवरची नजर न काढताच म्हणाल्या. "तिसरी पाळी सुरू झाली तवापासून मले पहाटेच स्टोव्ह पेटवा लागते."

निखिलनं वहीत काहीतरी लिहिलं. मी दुसरीकडे तोंड फिरवून हसू दाबलं. मी एक अक्षर बोलले नव्हते आणि टपरीवर बसून चहा पिणं हा काही गुन्हा नाही!

पुढच्या सोमवारी मास्तरलोक पाचाच्या अगदी जवळ आले. चेअरमनना सांगणं माझं कर्तव्यच होतं, म्हणून यादी घेऊन मी अशोकबाबूंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकलं. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. मग ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"म्हणजे हे जाहीर झालं की भाव उसळणार."

"बहुतेक."

"मग थोडे आत्ताच घेऊन ठेवतो. माझ्या नावावर नाही, साळ्याच्या नावावर घेतो."

तिमाही संपली होती आणि निकाल अजून यायचे होते. अशा काळात कंपनीतल्या आतल्या माणसांनी आपल्या कंपनीचे शेअर घ्यायचे नसतात, विकायचे नसतात. त्याला आमच्यात 'खिडकी बंद' म्हणतात. ती बंद केल्याचं पत्रक माझ्याच सहीनं निघालं होतं.

"साहेब, खिडकी बंद आहे."

"साळ्याला कुठली खिडकी?"

"पैसे तुमचे, माहिती तुमची. साळा नुसता नावाला. खिडकी त्यालाही आहे."

अशोकबाबूंनी यादी माझ्याकडे परत सरकवली. तसा माणूस वाईट नव्हता. वडिलांनी उभी केलेली कंपनी महिनाभर लोकांच्या तोंडी बुडत होती, त्यांना ते सहन झालं नव्हतं. पण त्या क्षणी ते चिडले होते. "मॅडम, मालक मी का तुम्ही?"

"तुम्ही. पण तुम्ही घेतले तर मला शेअर बाजाराच्या नियामकांना कळवावं लागेल. आणि मी कळवीन."

माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. 

"इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं तुम्हाला."

"घरच्यांनाही नाही सांगितलं, साहेब. माझा सख्खा भाऊ ठेवू का विकू म्हणून विचारतोय. त्यालाही नाही."

त्यांनी जाऊन दार उघडलं. मी बाहेर आले. तो सबंध आठवडा त्यांनी मला एकदाही आत बोलावलं नाही. मी ड्रॉवरमधल्या माझ्या गोळ्या, जुना चष्मा आणि देवीचा छोटा फोटो पिशवीत भरून ठेवला. शेखभाईंनी ते पाहिलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

पुन्हा सोमवार आला. यादी उघडली आणि मास्तरांच्या आधी मी साहेबांच्या साळ्याचं नाव शोधलं. नव्हतं. दोनदा शोधलं, नव्हतंच! मी टेबलावर थाप मारली तशी पलीकडच्या खोलीतली माणसं वळून बघायला लागली. साहेबांनी घेतले नव्हते. माझी नोकरी राहो न राहो, त्यांनी ऐकलं होतं.

आणि मग का कोण जाणे, मी आणखी एक नाव शोधलं. इतक्या वर्षांत ते मी मुद्दाम कधी शोधलं नव्हतं. दिलीपचं. तेही नव्हतं.

शेखभाई जवळ आले. त्यांनीही पाहिलं. "सगळेच विकले?" ते हळू आवाजात म्हणाले. मी मान हलवली. महिनाभर ज्या भावात मास्तरलोक वेचत होते, त्याच भावात माझ्या भावाने आपले टाकून दिले होते. कदाचित त्यांच्याच झोळीत पडले असतील. आणि मला त्याला फोन करून 'का विकलेस' एवढंही विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर त्याला सगळं समजलं असतं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

त्याच आठवड्यात, जेवणाची सुट्टी संपता संपता, ती मेल आली. मास्तरांच्या फंडानं पाच टक्के ओलांडले होते आणि तसं शेअर बाजाराला आणि आम्हाला रीतसर कळवलं होतं. थोड्याच वेळात बाजाराच्या वेबसाइटवर ते झळकलं. आणि मग काय सांगू! भाव असा उठला की विकायला कोणी उरेना. शेखभाईंचा फोन कारखान्यातून सारखा वाजत होता. वेल्डिंगवाल्यांपैकी ज्यांनी ठेवले होते ते नाचत होते, ज्यांनी विकले होते ते शेखभाईंना शिव्या घालत होते. "मले काहून शिव्या देता बाप्पा?" शेखभाई ओरडत होते, पण हसतही होते.

अशोकबाबू केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. शेखभाईंनी वाजणारा फोन कापला.

"नाही घेतले मी," ते म्हणाले.

"माहीत आहे, साहेब."

"हो. तुम्हाला सगळंच दिसते." मग म्हणाले, "पेढे मागवा. आणि ती पिशवी रिकामी करा."

मी पेढ्याला थांबले नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मिस्टरांना म्हटलं, गाडी काढा, सावनेरला जायचं. वाटेत मी इतकी बडबडत होते की त्यांनी एकदा गाडी बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, श्वास तर घे!" महिनाभराचं साठलेलं होतं. आता ते जगजाहीर झालं होतं, आता मी कोणालाही काहीही सांगू शकत होते. फक्त ज्याला सांगायचं होतं त्याला त्याचा आता काही उपयोग नव्हता.

दिलीप दुकानात होता. एक म्हातारे गिऱ्हाईक, वासुदेवकाका, बियाण्याची पाकिटं उलटसुलट करून पाहत होते. मला बघून दिलीप म्हणाला, "आलं टीव्हीवर. पाहिलं मी." आणि मग, "मी विकले, ताई."

"माहीत आहे."

"कवापासून?"

"सोमवारपासून."

"अन् फोनबी नाही केला?"

"नाही करता आला रे."

तो पाकिटं रचत राहिला. "तू बोलतच नव्हती. इतकी गप्प कधी राहते तू? मले वाटलं, कंपनी बुडून राहिली अन् ताईले तोंडानं सांगवत नाही. म्हणून विकले."

मी खताच्या पोत्यावर बसले. मी काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचाही अर्थ त्यानं काढला होता. चुकीचा. कायद्याच्या पुस्तकात यावर उपाय नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी घाईघाईनं बाकीचं सांगून टाकलं. मास्तरांचं, टपरीवरच्या मुलाचं, आणि साहेबांनी दार कसं लावून घेतलं त्याचं.

दिलीपचे हात थांबले. "मालकाले नाही घेऊ दिले?"

"नाही."

"साळ्याच्या नावानंबी नाही?"

"नाही."

"अन् तुले काढलं असतं तं?"

"पिशवी भरूनच ठेवली होती."

त्यानं हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि तो काउंटरवर हात टेकून हसायलाच लागला. "सुनंदा," त्यानं आत बायकोला हाक मारली, "चहा टाक वं, ताई आली! मालकाचा हात अडवून आली!"

वासुदेवकाका पाकिटं सोडून आमच्याकडे बघत होते. दिलीपनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"काका, ही माझी मोठी बहीण. पोटातलं काही कोणाजवळ सांगून ठेवायचं असन तं हिच्याजवळ ठेवा. कुठंच जात नाही."

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बाहेर एकदा नजर टाकली. मग माझ्या पोत्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "सांगू का मंग?"